विठ्ठल : पाळण्यातलं नाव आणि विटेवरचं नाव

वाचकहो, आज एका नावाचा विचार करायचा आहे. देवाच्या नावाचा विचार आपण नेहमीच करतो. आज मुलाच्या नावाचा करू. म्हणजे देवाचंच नाव, पण ते पाळण्यात ठेवलेलं. नाव आहे विठ्ठल.

तुमच्या घराण्याची वंशावळ काढा. फार लांब नाही, चार पिढ्या मागं जा. त्यात एक तरी विठ्ठल, विठोबा, विठू नाहीतर पांडुरंग, पंढरीनाथ सापडतो की नाही बघा. देशस्थाच्या घरात सापडेल, मराठ्याच्या घरात सापडेल, माळ्याच्या, धनगराच्या, शिंप्याच्या, कुंभाराच्या, महाराच्या, मांगाच्या घरात सापडेल. आडनाव बदललं, धंदा बदलला, बोली बदलली, पण हे नाव तेच. असं का झालं? एवढी देवाची नावं असताना याच नावानं असं काय केलं की ते साऱ्या उंबऱ्यांच्या आत गेलं?

आधी मुलाला देवाचं नाव का ठेवतात ते पाहू. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं. पाळण्याखालून-वरून बाळाला देताघेताना बायका देवाचीच नावं घेतात. मग आत्या पुढं होते, बाळाच्या कानात नाव सांगते आणि 'कुर्र' करते. कानात पहिला शब्द पडतो तो देवाचा. शास्त्रकारांनी गृह्यसूत्रांत नावाचे नियम सांगून ठेवले आहेत. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, असं पारस्कर सांगतात. आता मोजा बरं, विठ्ठल! अक्षरं भरतात तीन. शास्त्राच्या हिशोबात नाव बसत नाही, तरी लोकांनी ठेवलं. आणि जिभेवर आलं तेव्हा लोकांनी त्याचं काय केलं? 'विठू' केलं. दोन अक्षरं! म्हणजे आमच्या आयाबायांनी शास्त्रही मोडलं नाही आणि देवही सोडला नाही. पिंजऱ्यातल्या पोपटालासुद्धा त्यांनी 'विठू विठू' शिकवलं.

देवाचं नाव मुलाला ठेवण्यामागं भागवताच्या सहाव्या स्कंधातली अजामिळाची कथा आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे. अजामिळ कान्यकुब्जाचा ब्राह्मण. आचार सुटला, चोरी, जुगार, काही करायचं बाकी ठेवलं नाही. दहा मुलगे झाले. सर्वांत धाकट्याचं नाव नारायण. म्हाताऱ्याचा जीव त्या पोरात गुंतलेला. मरणवेळी यमदूत समोर दिसले, भीतीनं त्यानं पोराला हाक मारली, "नारायणा!" आणि विष्णुदूत धावून आले.

ही कथा ऐकून पुष्कळ जण म्हणतात, वा, सोपं आहे! पोराचं नाव देवाचं ठेवायचं आणि शेवटी एक हाक मारायची. तसं नाही बरं का. कथा पुढं वाचा. अजामिळ सुटला, आणि सुटल्यावर काय केलं? त्याला पश्चात्ताप झाला. घर सोडून तो गंगाद्वाराला गेला, तिथं साधना केली आणि मग सद्गतीला गेला. नावानं त्याला पुन्हा एक वेळ दिली, पुढचं त्याचं त्यानं केलं. मुलाला देवाचं नाव ठेवण्याचा उपयोग हा. दिवसातून वीस वेळा हाक मारताना आपल्याला आठवण राहावी.

आता विठ्ठल या शब्दाकडे येऊ. याचा अर्थ काय? पंडितांमध्ये मतं अनेक आहेत. एक सोपी फोड लोकांच्या तोंडी आहे: वीट आणि स्थळ. विटेवर ज्यानं आपलं स्थळ केलं तो विठ्ठल. दुसरी फोड शास्त्री मंडळी सांगतात. 'वित्' म्हणजे ज्ञान, 'ठ' म्हणजे शून्य, 'ल' म्हणजे घेणारा. जे ज्ञानानं शून्य आहेत, ज्यांना काही येत नाही, अशा भोळ्याभाबड्यांना जो ज्ञान देऊन जवळ घेतो तो विठ्ठल. तिसरं मत भाषेच्या अभ्यासकांचं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दाखवलं की विष्णू या नावाचं कानडीत 'बिट्टी', 'विट्टी' असं रूप होतं आणि त्यातूनच विठ्ठल आला. होयसळांचा मोठा राजा विष्णुवर्धन, त्याचं आधीचं नाव बिट्टिदेव. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात वेगळी वाट दाखवली. त्यांच्या मते हा देव मुळात गवळी-धनगरांचा, रानात गुरंमेंढरं राखणाऱ्यांचा. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल आणि बिरदेव शेजारी शेजारी पुजले जातात, धनगर समाज तिथं भंडारा उधळतो.

यातलं खरं कोणतं, हा वाद विद्वानांचा. तो त्यांना करू द्या. आपण एवढंच पाहू की यातल्या प्रत्येक अर्थात देव खाली आलेला आहे. विटेवर आला, अडाण्यांपाशी आला, मेंढपाळाच्या रानात आला. वर बसलेला देव यातल्या एकाही अर्थात नाही.

आणि वीट कुणाची? पुंडलिकाची. हा पुंडलिक कोण होता? आधी चांगला नव्हता. आईबापांना त्रास देणारा, बायकोच्या सुखात रमलेला, म्हाताऱ्यांना यात्रेच्या वाटेवर पायी चालवणारा. मग त्याचे डोळे उघडले आणि तो आईबापांच्या सेवेला लागला, तो इतका की साक्षात परमात्मा दारात आला तरी उठला नाही. म्हणाला, आईबापांची सेवा चालली आहे, तोवर या विटेवर थांबा. आणि वीट फेकली. देवाला राग आला का? देव थांबला. कमरेवर हात ठेवून थांबला, तो अजून थांबलेला आहे.

म्हणून माझ्या मते या नावाचा खरा अर्थ कोशात शोधू नका, विटेवर शोधा. विठ्ठल म्हणजे वाट पाहत थांबलेला देव. राजासाठी थांबला नाही, ऋषीसाठी थांबला नाही. आईबापांचे पाय चेपणाऱ्या एका माणसासाठी थांबला. आता तुम्ही मुलाचं नाव विठ्ठल ठेवता, तेव्हा ही सगळी गोष्ट त्या नावाबरोबर घरात येते.

हे नाव पसरलं तरी किती! पंढरपुराला होयसळ राजा सोमेश्वर याचा इ.स. १२३७ चा शिलालेख आहे, त्यात या देवाचा उल्लेख आहे. म्हणजे देव त्याआधीचा. आणि पाळण्यातलं नाव? ज्ञानेश्वर माउलींच्या वडिलांचंच नाव घ्या. आपेगावचे विठ्ठलपंत. आईचं नाव रुक्मिणी. विठ्ठल-रुक्मिणीच्याच पोटी ही चार लेकरं आली. नामदेवरायांचे चार पुत्र: नारा, विठा, गोंदा, महादा. म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. घरात हाक मारायची म्हणजे नामस्मरणच. तुकोबारायांचे तीन पुत्र: महादेव, विठोबा, नारायण. यातल्या नारायणबाबांनी पुढं १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली.

महाराष्ट्राबाहेर जा. कर्नाटकात हरिदासांनी आपल्या रचनांची मुद्राच या नावानं केली. पुरंदरदासांची मुद्रा पुरंदर विठ्ठल, त्यांच्यामागून विजय विठ्ठल, गोपाल विठ्ठल, जगन्नाथ विठ्ठल. उत्तरेत पुष्टिमार्गाचे आचार्य वल्लभ यांना पंढरपुरात विठोबानं गृहस्थ होण्याची आज्ञा केली, असं त्यांचा संप्रदाय सांगतो. त्यांच्या पुत्राचं नाव विठ्ठलनाथ. गुजरातेत विठ्ठल आणि वल्लभ ही दोन्ही नावं घरोघर दिसतात. १८७३ साली जन्मलेले विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले, आणि त्यांचे धाकटे बंधू सरदार वल्लभभाई. त्याच १८७३ साली जमखंडीला आणखी एक विठ्ठल जन्माला आला, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. त्यांनी १९०६ मध्ये मुंबईला अस्पृश्य बांधवांच्या शिक्षणासाठी, उद्धारासाठी मिशन काढलं आणि त्या कामात आयुष्य घातलं. नाव सार्थ केलं म्हणायचं!

पण वाचकहो, इथं एक गोष्ट मनाला टोचते. ती लपवून चालणार नाही. ज्या देवाचं नाव सगळ्यांच्या पाळण्यात होतं, त्या देवाच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. चोखोबा आयुष्यभर बाहेर उभे राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले, तो काळ १३३८ चा. नामदेवराय तिथं गेले. हाडं ओळखायची कशी? परंपरा सांगते, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ध्वनी येत होता ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही ती तिथंच आहे. दाराच्या बाहेर!

दार पुढंही सहाशे वर्षं बंद राहिलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं ते सर्वांना उघडलं. आता विचार करा. ही सहाशे वर्षं ज्यांना आत जाता येत नव्हतं, त्यांनी काय केलं? त्यांनी लेकरांची नावं विठू ठेवली, विठाबाई ठेवली. मूर्तीला हात लावायला मज्जाव होता, नाव घ्यायला कोण मज्जाव करणार? बडव्याला विचारावं लागत नव्हतं, दक्षिणा लागत नव्हती. देव आपल्याच झोपडीत रांगायला लागला. या नावाच्या लोकप्रियतेचं कारण मला विचाराल तर हेच. देवळातली एवढी एकच वस्तू कुणालाही न विचारता घरी नेता येत होती.

आणि देवाला हे मान्य होतं का? त्यासाठी उत्तररंगाकडे येऊ. महिपतीबुवांनी भक्तिविजयात सांगितलेलं दामाजीपंतांचं आख्यान घेऊ.

तेच मंगळवेढं. चोखोबांचं गाव. तिथं दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे कारभारी. दुष्काळ पडला. असा की माणसं झाडपाला खाऊ लागली. पंढरपूरचा एक ब्राह्मण दामाजींच्या पंगतीला बसला आणि अन्न समोर येताच रडू लागला. विचारलं, का रडता? म्हणाला, घरी बायकापोरं उपाशी आहेत, घास कसा उतरेल? दामाजींच्या आतलं काही हललं. सरकारी कोठारं धान्यानं भरलेली, किल्ल्या यांच्या हातात. धान्य बादशहाचं, भूक लोकांची. कोठारं उघडली. रयतेनं धान्य नेलं, पंढरीपर्यंत गेलं. माणसं जगली.

चहाडी करणारा कुठं नसतो? बेदरला पत्र गेलं. बादशहाचा हुकूम आला, दामाजीला बांधून आणा. शिपाई घेऊन निघाले. वाटेत दामाजींनी पंढरीत दर्शनाची विनंती केली. देवाला म्हणाले, देवा, तुझ्या लेकरांसाठी केलं, आता शिक्षा झाली तर आनंदानं भोगीन.

इकडे बेदरच्या दरबारात कोण येऊन उभा राहिला? घोंगडी खांद्यावर, हातात काठी, कमरेला लंगोटी, पायात फाटकी वहाण. जोहार केला. दरबारी नाक मुरडू लागले. बादशहानं विचारलं, कोण तू? कुठला? नाव काय?

वाचकहो, इथं थांबा. हा देव आहे. त्याला कोणतंही रूप घेता आलं असतं. सावकार होऊन आला असता, सरदार होऊन आला असता, हत्तीवर बसून आला असता. सहस्र नावं आहेत, त्यातलं कोणतंही सांगता आलं असतं. त्यानं रूप घेतलं गावच्या महाराचं आणि नाव सांगितलं विठू. "मी विठू महार, मंगळवेढ्याचा, दामाजीपंतांच्या पायीचा चाकर. धान्याचे पैसे भरायला आलो आहे."

आणि थैली ओतली. एवढीशी थैली, मोहरा संपेनात. सगळा हिशोब चुकता झाला. विठू काय म्हणाला? पावती द्या. देवसुद्धा पावती घेतल्याशिवाय गेला नाही बरं का! व्यवहार चोख. पावती घेतली आणि निघून गेला.

पुढं दामाजी बेदरला पोहोचले तर बादशहा स्वतः सामोरा आला. म्हणाला, तुमचा विठू आला होता, पैसे मिळाले. दामाजींना काही कळेना. कोण विठू? माझा असा कोणी चाकर नाही. मग त्यांना आठवलं. नित्यपाठाची गीता उघडली तेव्हा त्यात पावती सापडली होती. ती बघितली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. माझ्यासाठी देव दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभा राहिला! त्या क्षणी दामाजींनी नोकरी सोडली आणि पंढरीची वाट धरली.

आता ही कथा नीट बघा. चोखोबांच्या गावात, चोखोबांच्या जातीचा होऊन, देव आला. ज्याला लोकांनी दाराबाहेर ठेवलं त्याचं रूप त्यानं घेतलं, आणि त्याच्या पोराचं जे नाव होतं तेच आपलं म्हणून सांगितलं. आपण म्हणतो, आम्ही देवाचं नाव मुलाला दिलं. या कथेत उलटं झालं आहे. गरिबाच्या मुलाचं नाव देवानं घेतलं.

मग आज काय? आज हे नाव पाळण्यात कमी ऐकू येतं. शाळेच्या हजेरीत विठ्ठल हाक क्वचित येते. लोक म्हणतात, जुनं वाटतं, पोरं चिडवतील. यावर रागावण्याचं कारण नाही. नावांची वहिवाट बदलत असते. तुम्ही मुलाचं नाव काय ठेवावं हे सांगायला मी बसलेलो नाही. ठेवलंत तर आनंद आहे, नाही ठेवलंत तर देव रुसणार नाही. आपल्या पद्धतीनं मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. त्यामुळे एका पिढीत विठ्ठल मुलाच्या मधल्या नावात राहतो, कागदावर राहतो. पुढच्या पिढीत तिथूनही जातो. हे होणारच.

पण जे विठ्ठल आज घरात आहेत त्यांचं काय? सत्तरी-ऐंशीचे झालेत. कुणाचा आजा, कुणाचा सासरा, कुणाचा चुलता. एके काळी त्यांच्या नावाची सून जीभ लावत नसे. नातवाला आजाचं नाव ठेवलं तर आई त्याला 'बाळू', 'आप्पा' म्हणून हाक मारायची, एवढा त्या नावाचा मान. आज तो विठ्ठल मागच्या खोलीत आहे. त्याला दिसत कमी असतं, ऐकू कमी येतं. संध्याकाळी दार वाजलं की तो मान वर करतो, पोरगा आला असेल म्हणून. पोरगा येतो, चपला काढतो, मोबाईल बघत आतल्या खोलीत जातो. म्हातारा काही म्हणत नाही. थांबतो.

पुंडलिक आईबापांकडे तोंड करून बसला होता आणि देव पाठीमागं थांबला होता. आम्ही काय केलं आहे? पंढरीला जातो, दहा-बारा तास दर्शनबारीत उभे राहतो, पायांवर डोकं ठेवतो. आणि घरातला विठ्ठल आमची वाट बघत थांबलेला असतो. पुंडलिकानं आईबापांसाठी देवाला थांबवलं. आम्ही देवाच्या नावाखाली आईबापांना थांबवतो. मग ती वीट कशासाठी फेकली होती?

म्हणून सांगणं एवढंच आहे. वारीला जा, जरूर जा. पण आज रात्री जेवण झाल्यावर मागच्या खोलीत जा. दहा मिनिटं बसा. पाय चेपता आले तर चेपा, नाही तर नुसतं विचारा, आज जेवलात का नीट? त्यांचं नाव विठ्ठल असो, दगडू असो, बाबूराव असो. आजीचं विठाबाई असो की सखूबाई असो. तुम्ही जितका वेळ तिथं बसाल तितका वेळ देव दारात विटेवर थांबलेला आहे, ही पुंडलिकाच्या घरची साक्ष आहे. त्याला घाई नाही. अठ्ठावीस युगं थांबला, आणखी दहा मिनिटं थांबेल.

बोला, पुंडलिकवरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!